ऐकणाऱ्यांचं गाव

राम जोश्याच्या घरात पुराण होतं आणि घराबाहेर तमाशा. उत्तर पेशवाईतलं सोलापूर. थोरला भाऊ मुद्गल जोशी नावाजलेला पुराणिक. धाकटा राम मात्र धोंडी शाहिराच्या फडात जाऊन बसायचा, त्याला लावण्या रचून द्यायचा. जोश्यांच्या घरात हे चालणार नव्हतं. भावाने त्याला घराबाहेर काढलं. राम पंढरपूरला गेला, संस्कृत शिकला, परत येऊन कीर्तनाला उभा राहिला आणि मग पुन्हा डफ हाती घेतला. पुढे बारामतीला मोरोपंतांची गाठ पडली तेव्हा त्याने तो डफ फोडला आणि पंतांच्या आर्या कीर्तनांतून गावोगाव पोचवल्या, असं सांगतात. १९४७ साली गदिमांनी लिहिलेला ‘लोकशाहीर रामजोशी’ पडद्यावर आला, जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांचा. आमच्या सोलापूरचा हा माणूस त्यानंतर साऱ्या महाराष्ट्राच्या ओळखीचा झाला.

लोक ही गोष्ट सांगतात ती वाट चुकलेला माणूस ठिकाणावर आल्याची म्हणून. मी कथा लिहिते, आणि मला ती एका सांगणाऱ्याच्या शिक्षणाची गोष्ट वाटते. तमाशाने त्याला समोरचा माणूस दाखवला. फडात बसलेला माणूस उठून जाऊ शकतो, त्याला कुणी धरून ठेवलेलं नसतं, हे पुराणिकाच्या घरात राहून कळत नाही. कीर्तनाने त्याला आख्यान दिलं: पूर्वरंगात विचार मांडायचा, उत्तररंगात गोष्ट लावायची, आणि गोष्ट ऐन भरात आली की थांबून अभंग घ्यायचा, म्हणजे श्रोत्याचा जीव टांगणीला राहतो. या दोन्ही शाळा त्याने मनापासून केल्या. आणि एकाच लावणीत अनेक भाषा गुंफण्याची करामत त्याच्या नावावर आहे ती उगीच नाही. पंडिती मिरवण्यासाठी त्याने ती केली असेल असं अभ्यासक म्हणोत; सोलापुरात वाढलेल्या माणसाला दुसरं कारणही दिसतं. या गावात चार माणसं गोळा झाली की त्यांच्या घरच्या भाषा निदान तीन असतात. मराठी, कानडी, तेलुगू, दखनी. सगळ्यांना बसवून ठेवायचं तर प्रत्येकाच्या कानाला कुठेतरी हात लावावा लागतो.

मला या लेखात एवढंच सांगायचं आहे. सोलापुरातल्या सांगणाऱ्याला समोरच्याची भाषा गृहीत धरता आली नाही, आठशे वर्षांत कधीच नाही. त्यामुळे इथे गोष्टीला जे वळण लागलं ते ऐकणाऱ्यांनी लावलेलं आहे. इथल्या लेखकाची शैली शोधायची तर आधी त्याच्यासमोर कोण बसलं होतं ते शोधावं.

आठशे वर्षं म्हणते कारण सुरुवात सिद्धरामेश्वरांपासून करावी लागते. बाराव्या शतकातले शिवयोगी. तेव्हा या गावाचं नाव सोन्नलगी. त्यांची वचनं कानडीत आहेत, बसवण्णांच्या काळातली, आणि त्यांचं चरित्र राघवांक या कानडी कवीने काव्यात लिहिलं. म्हणजे या गावावरची पहिली मोठी गोष्ट कानडीत आहे आणि गाव आज मराठी मुलखात आहे. ती मराठीत वाचून कुणाला कळली नाही, ती ऐकून कळली. गुरं राखणारा मुका, भोळा वाटणारा पोरगा. शेतात एक जंगम येतो, मल्लय्या नाव सांगतो, भूक लागली म्हणतो. पोरगा ज्वारीचा हुरडा भाजून देतो. पाहुणा म्हणतो, पोटात आग पडली, आता दहीभात आण. पोरगा घराकडे धावत सुटतो, दहीभात घेऊन येतो, तर पाहुणा नाही. मग हाका मारत, रडत, तो श्रीशैलच्या वाटेला लागतो.

ही गोष्ट मी तेलुगूत ऐकली, कानडीत ऐकली, दखनीतही ऐकली. तिन्ही वेळा हुरडा होता आणि दहीभात होता. देवाचं वर्णन, आकाशवाणी, तत्त्वज्ञान हे सांगणाऱ्यागणिक बदलायचं. पण जे खाता येतं ते जसंच्या तसं राहायचं. थंडीत रानात बसून ज्याने गरम हुरडा तोंडात टाकला आहे, त्याला ही गोष्ट कुठल्याही भाषेत पोचते. कथेत भाव कुठे ठेवायचा हे मला कुठल्या समीक्षेच्या पुस्तकाने इतकं नीट शिकवलं नाही.

मकरसंक्रांतीच्या दिवसांत याच सिद्धरामेश्वरांची यात्रा, आमचा गड्डा, भरतो. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं उंच नंदीध्वज पेलत अडुसष्ट लिंगांना नेतात, आणि संमती कट्ट्यापाशी अक्षता होतात. सिद्धेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी लग्न. त्या वेळी संमती वाचली जाते. पसरलेला अफाट समुदाय असतो, वाचणाऱ्याचा प्रत्येक शब्द कळणारे त्यात थोडे. पण ‘दिड्डम, सत्यम’ची साद आली की सगळ्यांचे हात एकदम वर जातात. कुठे थांबायचं, कुठे अक्षता टाकायच्या, हे कुणालाही चुकत नाही. गोष्टीचा ठेका गोष्टीच्या अर्थाआधी पोचतो, याचा असा पुरावा मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आता माझ्या गल्लीकडे येते. सोलापूरचा पूर्व भाग. १८७७ मध्ये इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली, तिला आम्ही जुनी मिल म्हणतो. तिच्यामागोमाग विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या आल्या. तेलंगणातली विणकर कुटुंबं त्याआधीपासून येत होती, गिरण्यांनंतर लोंढा वाढला. आधी हातमाग, मग यंत्रमाग, मग चादर आणि टॉवेल. पद्मशाली घरांत पुरुष मागावर आणि बाई विडीवर, असा संसार ठरून गेला. माझं घर असंच. नायना, म्हणजे वडील, जेकार्डच्या मागावर चादरी काढायचे, अम्मा आणि आजी, म्हणजे अव्वा, विड्या वळायच्या. घरात तेलुगू. शाळा मराठी. डाव्या हाताला लिंगायत अक्का, समोर खाला, कोपऱ्यावरच्या मावशी माढ्याकडच्या. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघाला की या सगळ्या एकाच ओट्यावर उभ्या राहून बघायच्या.

मागावर गोष्ट सांगता येत नाही. यंत्रमाग चालू असला की शेजारच्याला हाक मारायची तरी खांद्याला हात लावावा लागतो. नायना घरी आल्यावरही मोठ्याने बोलायचे आणि थोडंच बोलायचे. गोष्टी सगळ्या विडीच्या. विडीचं काम बघितलंय का कुणी जवळून? पान आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेलं असतं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पत्र्याचं माप पानावर ठेवून कातरीने तुकडा कापायचा, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. सुपाकडे नजर लावावी लागत नाही, बोटं आपोआप चालतात. कान आणि तोंड मोकळं. पंचवीस झाल्या की कट्टा बांधायचा. चाळीस कट्टे म्हणजे हजार. संध्याकाळी कारखान्यात माल द्यायचा, तिथे खराब विड्यांची छाट निघणार, म्हणून कट्टा बांधताना प्रत्येक विडी बोटाखालून जाते आणि मोजणी मनात चालते. त्या वेळी बोलता येत नाही.

अव्वाच्या गोष्टी यामुळे तुकड्यांत यायच्या. पंचविसाव्या विडीशी गोष्ट थांबायची. राजा दारात उभा, आत कोण आहे माहीत नाही, आणि अव्वा ओठांत मोजतेय. आम्ही पोरं गप्प. अक्का कानडी वळणाच्या मराठीत म्हणायची, “मग काय झालं, सांग की.” अव्वा दोरा तोडायची आणि पुढे चालू करायची, पण एकदम पुढचं नाही. आधी एका वाक्यात मागचं: राजा दारात उभा आहे. मग पुढचं. कुणी मध्येच उठून पाणी आणायला गेलेलं असायचं, कुणाचं पोर रडलेलं असायचं, त्या सगळ्यांना ते एक वाक्य पुन्हा गोष्टीत आणून बसवायचं. आणि खाला आली असली की अव्वा तेलुगू सोडून मोडक्या दखनीत वळायची. तेव्हा वाक्यं अजून आखूड व्हायची, विशेषणं गळायची, माणसांच्या हालचाली राहायच्या. राजा आला. दार ढकललं. आत म्हातारी.

माझ्या कथांना आखूड परिच्छेद असतात, प्रत्येक परिच्छेदाच्या तोंडाशी मागच्याचा एक धागा असतो, असं एका संपादकांनी एकदा मला लिहिलं होतं. त्यांना ते आवडलं होतं. त्यांनी एका आधुनिक परदेशी कथाकाराचं नाव घेऊन प्रभाव विचारला. मी त्यांना विडीच्या कट्ट्याबद्दल लिहिलं.

कथाबीज कसं सापडतं, हे मला विचारलं जातं तेव्हा मी १९३० सांगते. त्या वर्षीच्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, गोळीबार झाला, ९, १० आणि ११ मे असे तीन दिवस इंग्रज प्रशासन शहरातून हललं आणि मग मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. हा इतिहास मी शाळेत शिकले, पण त्याआधी ओट्यावर ऐकला. अक्का सांगायची तेव्हा गोष्ट मल्लप्पांपासून सुरू व्हायची. खाला कुर्बान हुसेनपासून, त्यांच्या ‘गझनफर’ पत्रापासून. माढ्याच्या मावशींचा सुरुवातीचा माणूस जगन्नाथ शिंदे. शेवट सगळ्यांचा एक, चौघं एकत्र. लहानपणी मला वाटायचं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. घटना एकच, दारं वेगळी, आणि आत शिरताना जो पहिला भेटतो तो शेवटपर्यंत आपला हात धरून चालतो, हे पुढे लिहायला लागल्यावर ध्यानात आलं. आजही एखादी घटना डोक्यात घोळायला लागली की मी कथानक मांडत बसत नाही. ही गोष्ट अक्काने सांगितली असती तर कुणापासून, खालाने कुणापासून, हे लिहून काढते. त्यातलं एक दार उघडतं. बाकीची बंद ठेवते, पण ती तिथे आहेत एवढं वाचकाला कळू देते.

सोलापूरला मराठी साहित्य संमेलन १९४१ साली भरलं, अध्यक्ष वि. स. खांडेकर. त्या काळच्या मराठी कादंबरीचं हे मोठं नाव, आणि त्यांची अलंकारांनी भरलेली, सुभाषितांच्या दिशेने झेपावणारी वाक्यं ही तेव्हाची आदर्श शैली. आमच्या भागातल्या वाचणाऱ्या पोरांनीही ती डोक्यावर घेतली. त्यानंतरचं मोठं संमेलन इथे २००६ मध्ये झालं, तेव्हा अध्यक्षपदी मारुती चितमपल्ली होते. मधल्या पासष्ट वर्षांत काय घडलं ते या दोन नावांत दिसतं. दुसरा अध्यक्ष या गावचा, तेलुगू बोलणाऱ्या घरातला.

चितमपल्ली सरांबद्दल लिहिताना मला हात आखडता घेता येत नाही. १९३२ चा जन्म. नॉर्थकोट शाळा, दयानंद कॉलेज, मग १९५८ ते ६० कोइमतूरला वनविद्येचं शिक्षण, आणि पुढे वनखात्यात सारी नोकरी. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट. १९९० मध्ये निवृत्त झाले. रानाची पहिली ओळख आईने आणि मामांनी करून दिली, हे त्यांनी ‘चकवाचांदण’ या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. ‘रानवाटा’, ‘जंगलाचं देणं’, ‘पक्षीकोश’: ही नावं मराठी वाचकाला सांगायला नकोत. आयुष्याच्या शेवटी ते पुन्हा सोलापूरला येऊन राहिले. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते गेले.

त्यांना लोक निसर्गलेखक म्हणतात. मी त्यांना कथाकार म्हणते, आणि हे आग्रहाने म्हणते. त्यांचं कुठलंही पान काढा. तिथे ‘मी’ आहे, पण तो मध्यभागी नाही. शेजारी एखादा गोंड सोबती आहे, एखादा ढीवर, नवेगावबांधचे माधवराव पाटील आहेत. सोबती काहीतरी सांगतोय आणि लेखक ऐकतोय. सोबत्याने सांगितलेली लोकसमजूत आणि स्वतः पाहिलेली गोष्ट, दोन्ही ते एकाच आवाजात, एकाच संथ गतीने मांडतात. शास्त्र जाणणाऱ्यांना हे खटकतं, कोणती गोष्ट पाहिलेली आणि कोणती ऐकलेली हे वेगळं करून हवं असतं. पक्षिशास्त्राच्या बाजूने ती मागणी रास्त आहे. पण कथनाच्या बाजूने बघितलं तर त्यांनी ऐकलेल्याला पाहिलेल्याइतकाच मान दिला, आणि तसं करणारा माणूस अनेक भाषांच्या गल्लीतून आलेला असावा यात मला नवल वाटत नाही. ज्याच्या घरची भाषा वेगळी आहे तो बाहेर पडल्याबरोबर आधी ऐकायला लागतो. बोलतो नंतर, आणि बोलतो तेव्हा जपून, साध्या वाक्यांत. चितमपल्लींच्या मराठीत एकही वाक्य दिमाख दाखवत येत नाही. पक्ष्याचं नाव, झाडाचं नाव, वेळ, पाणी कुठे आहे, आणि मग काय हललं. ही शैली त्यांना जंगलाने दिली असं सगळे मानतात. मला वाटतं जंगलात जाण्याआधी ती त्यांच्यापाशी होती.

अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ १९८४ साली आलं. तेव्हा त्यांची तिशीही उलटली नव्हती. पुस्तक आत्मकथन आहे, कथा नाही, तरी सांगण्याच्या रीतीबद्दल बोलताना ते वगळता येत नाही. बापाने नाव न दिलेला मुलगा, आजी संतामाय, आणि तिच्यासोबत राहणारा, मुलाला आजोबाच्या मायेने वाढवणारा मुसलमान म्हातारा. सीमेवरचं गाव, बसस्टँडवरचं बिऱ्हाड, भूक. या माणसांची गोष्ट सांगायला १९४१ च्या धाटणीचं वाक्य उपयोगाचं नव्हतं. लिंबाळ्यांनी वाक्य तोडलं. काही ठिकाणी ते नुसता प्रश्न विचारतात आणि पुढे जातात. माझ्याच वयाच्या मैत्रिणीने, जिचं घर कुंभार वेशीत होतं, ते पुस्तक रात्रीत वाचून मला आणून दिलं होतं, आणि म्हणाली होती, “हे आपल्या इकडच्यासारखं बोललाय.” ‘सनातन’ या कादंबरीसाठी त्यांना २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला तेव्हा आमच्या जिल्ह्यातल्या लिहिणाऱ्यांनी तो आपला मानला.

जिल्ह्याचा पश्चिम भाग वेगळा. तिथे माळशिरस, अकलूज, पंढरपूर. नीरा-भीमेचं पाणी, ऊस, वारी. द. मा. मिरासदार अकलूजचे, १९२७ चे, बालपण आणि शाळा पंढरपूरकडची. त्यांच्याबद्दल एकच मुद्दा मांडते. साठच्या दशकात ते, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव कथाकथन सुरू केलं, आणि छापील कथा पुन्हा माणसांसमोर उभी राहिली. तिघांपैकी मिरासदार हे पंढरपूरच्या कीर्तनांच्या मुलखात वाढलेले. ‘भुताचा जन्म’ त्यांच्या तोंडून ज्यांनी ऐकली त्यांना त्यातलं थांबणं आठवतं. माणूस हसतो कुठे, त्याआधी कुठे श्वास धरतो, हे त्यांना ठाऊक होतं. राम जोश्यानंतर दीडशे वर्षांनी याच जिल्ह्यातला माणूस पुन्हा समोर बसलेल्यांकडे बघून गोष्ट सांगत होता.

आमच्या पूर्व भागात मात्र गोष्ट सांगण्याची जागा हलत गेली. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, भोंगे थांबले. विडी वळणाऱ्या बायकांसाठी कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरं उभी राहिली, २००६ साली, म्हणजे संमेलनाच्याच वर्षी. गल्लीतल्या कितीतरी बायका तिकडे राहायला गेल्या. स्वतःच्या नावाचं घर ही केवढी गोष्ट आहे ते भाड्याच्या एका खोलीत सात माणसं राहिलेल्यांना विचारावं. या घरांसाठीच्या लढ्याबद्दल मला मनापासून आदर आहे. ओटे मात्र मागे राहिले. नव्या घरांत टीव्ही लागला आणि सुपासमोर बसलेल्या बाईच्या मोकळ्या कानांत मालिका शिरल्या. विडी अजून हाताने वळली जाते, कट्टा अजून पंचविसाचा आहे. मधल्या जागेत आता दुसऱ्याच कुणाची गोष्ट चालते.

म्हणून गेली काही वर्षं मी कच्चा खर्डा घेऊन कुंभारीला जाते. अम्माच्या ओळखीच्या बायका आहेत, त्यांच्या सुना आहेत. टीव्ही बंद करायला सांगत नाही. आवाज कमी करतात त्या आपणहून. मी मराठीत वाचते, मध्ये मध्ये तेलुगूत सांगते. कट्टा बांधायची वेळ आली की थांबते.

सध्या जी कथा लिहितेय ती कुंभारकन्येची. गड्ड्यात तिचं लग्न लागतं हे सांगितलंच. कथा अशी सांगतात: सिद्धरामांच्या अंगणात रोज सडा-रांगोळी करणारी कुंभाराची पोर. तिने लग्नाची मागणी घातली. ते योगी, म्हणून नाही म्हणाले; पण तिचा हट्ट बघून योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली. अक्षतांनंतर होमविधी होतो. त्यात पेंढीला शालू नेसवून तिला कुंभारकन्या मानतात, आणि ती होमात जाते. दरवर्षी हजारो माणसं हात जोडून उभी असतात, मीही असते. श्रद्धेला धक्का द्यावा असं माझ्या मनात नाही. पण कथा लिहिणाऱ्या बाईला तिचं नाव कुणी का घेत नाही हे टोचल्याशिवाय राहत नाही. आठशे वर्षांत तिला कुणी कुंभाराची पोर यापलीकडे हाक मारलेली नाही.

मी माझ्या पद्धतीने दारं लिहून काढली. तिच्या तोंडून सांगितली तर ती भक्ताची गोष्ट होते, आणि ती वचनांत आधीच चांगली सांगितली गेली आहे. सिद्धरामांच्या बाजूने सांगण्याचा माझा अधिकार नाही. राहिला बाप. चाकावर बसलेला कुंभार. पोर येऊन सांगते की मी एका काठीशी लग्न लावणार, आणि त्याचे हात मातीत आहेत, चाक फिरतंय, भांडं अर्धं वर आलंय. आता हात काढला तर भांडं बसणार. त्याने त्या क्षणी काय केलं? हे बीज मला धरून ठेवणारं वाटलं. चाकावर बसलेल्या माणसालाही मध्येच बोलता येत नाही, विडीवर मोजणाऱ्या बाईसारखंच. मी चौदा-पंधरा पानं लिहिली, बापाच्या अंगाने, आखूड वाक्यांत, भांडं पुरं होईपर्यंत तो काही बोलत नाही अशी.

ती कुंभारीला वाचली. शेवटपर्यंत कुणी उठलं नाही. मग अक्काची सून, जी आता स्वतः सासू झाली आहे, दोरा तोडत म्हणाली, “चांगलं लिहूलालीस. पण पोरीची आई कुठं गेली गं? काठीशी लगीन लावणारंय पोर, आणि आई एक शब्द बोलंना?” दुसरी म्हणाली, आई मेली असंल. तिसरी म्हणाली, मेली असती तर बापानं रडून सांगितलं असतं, ती हाय, आतच हाय. मग त्यांची आपसांत जुंपली. तेलुगूत, कानडीत, मराठीत. आईने पोरीला मारलं असेल का, की तिनेच शालू काढून दिला असेल. शालू कुणाचा, स्वतःच्या लग्नातला का. मी वहीत लिहून घेत होते आणि त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

आता कथेत आई आली आहे. बाप चाकावर गप्प आहे तोच, पण बोलणं सगळं तिच्याकडे गेलंय, आणि ती नवऱ्याशी बोलत नाही, पोरीशीही नाही. शेजारणीशी बोलते, जिची भाषा वेगळी आहे. त्यामुळे तिला सगळं साध्या वाक्यांत सांगावं लागतं. पोरीला नाव द्यायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही. आई तिला हाक मारते तिथे मी दोन नावं लिहून खोडली आहेत. पुढचा खर्डा संक्रांतीआधी कुंभारीला वाचायचा आहे. नाव काय हाक मारायला बरं, ते तिथेच विचारीन.